बॅटरी रात्रीतून उतरते ती कशामुळे?

सायंकाळी अंगणात नीट उभी करून ठेवलेली मोटार सकाळी किल्ली फिरवताच नुसते ‘टक् टक्’ करून स्वस्थ बसते, हा अनुभव आता खेडेगावातील कुटुंबांनाही नवा राहिलेला नाही. अशा प्रसंगी घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : “काल रात्री गाडी कोणी लावली?” ज्याने लावली असेल त्या मुलावर दिवा चालू ठेवल्याचा आळ येतो. तो शपथेवर नाही म्हणतो आणि वडिलांचा विश्वास बसत नाही. मग शेजारी सांगतात, “बॅटरी गेली, नवी घाला.” चार-पाच हजार रुपये मोजून नवी बॅटरी येते. पंधरा दिवस बरे जातात आणि सोळाव्या दिवशी पुन्हा तेच ‘टक् टक्’. पैसे गेले, मुलगा नाहक बोलणी खाऊन बसला, आणि दोष होता तेथेच राहिला.

ही गोष्ट केवळ गैरसोयीची असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या गावापासून दवाखाना दहा-बारा मैलांवर आहे आणि शेवटची एस. टी. किंवा बस सातच्या आत निघून जाते, तेथे घरची गाडी ही अडलेल्या बाईसाठी, साप चावलेल्या माणसासाठी, छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्यासाठी ठेवलेली शेवटची सोय असते. ती रात्री दोन वाजता सुरू होईल की नाही, हे आधी कळावयास हवे. आणि ते कळण्याचा उपाय अवघड नाही. वाचकांनी एकच नियम ध्यानी धरावा : आधी मोजावे, मग बदलावे. जो भाग मोजून सदोष ठरलेला नाही तो बदलणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

बॅटरीचे काम

मोटारीतील बॅटरी ही शिशाच्या पट्ट्या व पाणी मिसळलेले गंधकाम्ल यांची बनलेली असते. ही युक्ती फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधून काढली, आणि तिचे मूळ तत्त्व आजतागायत बदललेले नाही. प्रारंभी मोटारी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. त्या हँडलच्या उलट फटक्याने कित्येकांचे हात मोडत. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आला. तेव्हापासून गाडी सुरू करण्याचा सगळा भार बॅटरीवर येऊन पडला. आपल्याकडील जुन्या अँबॅसिडर गाड्यांना बॅटरी उतरली तर हँडलचा आधार तरी असे. आजच्या गाड्यांना तोही नाही.

आजच्या मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ दाखवीत असल्यास ती सुमारे पाऊण भरलेली, १२.२ असल्यास अर्धी, आणि १२ च्या खाली गेल्यास जवळजवळ रिकामी समजावी. पाहा, पूर्ण आणि रिकामी यांत फरक एका व्होल्टपेक्षाही कमी आहे! म्हणूनच हॉर्न वाजतो, आतला दिवा लागतो, म्हणजे बॅटरी चांगली, हा समज खोटा ठरतो. दिव्याला अर्धा अँपिअर पुरतो. लहान पेट्रोल गाडीच्या सेल्फला मात्र एका क्षणात शंभर-दीडशे अँपिअर लागतात आणि डिझेल गाडीला त्याहूनही अधिक.

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. यास्तव बॅटरीजवळ बिडी, काडी, कंदील काही नेऊ नये. हातातील अंगठी, कडे व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीतील पाणी डोळ्यांत उडाल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुवावेत आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. बॅटरीच्या तारा सोडवताना प्रथम ऋण टोकाची, म्हणजे काळी तार सोडवावी, आणि बसविताना ती शेवटी बसवावी. कारण गाडीचे सगळे लोखंडी अंग ऋण टोकाशी जोडलेले असते. काळी तार बसलेली असताना लाल टोकाला लावलेला पाना चुकून बॉडीला टेकला, तर मोठा जाळ उडतो. ज्या गाड्यांत इंजिनाबरोबर विजेची मोटरही असते, किंवा ज्या निव्वळ विजेवर चालतात, त्यांतील जाड नारिंगी तारांना तर घरी हातही लावू नये. त्यांतील वीज प्राणघातक असते.

जमाखर्चाची वही

बॅटरी म्हणजे घरातील धान्याची कणगी. तीत किती मावते ते अँपिअर-तासांत मोजतात. लहान गाडीच्या बॅटरीवर बहुधा ३५ हा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की, तीतून एक अँपिअर प्रवाह काढीत राहिल्यास ती सुमारे ३५ तास पुरेल. आता खर्च मांडू.

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, रेडिओची स्मृती, संगणकाच्या पेट्या ह्या थोडी वीज घेतच असतात. हा रास्त खर्च ०.०२ ते ०.०५ अँपिअर असतो. ०.०३ धरला तर भरलेली बॅटरी रिकामी होण्यास दीड महिन्याहून अधिक काळ लागेल. तेव्हा रात्रीतून बॅटरी उतरण्याचे कारण हा रास्त खर्च नव्हे.

डिकीतील ५ वॅटचा दिवा झाकण नीट न लागल्याने जळत राहिला, तर तो सुमारे ०.४२ अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत चार अँपिअर-तासांहून थोडे अधिक गेले, म्हणजे बॅटरीचा आठवा हिस्सा. चांगली भरलेली बॅटरी एवढ्याने एका रात्रीत मरत नाही. पार्किंगचे दिवे चालू राहिले तर सुमारे दोन अँपिअर जातात. रात्रीत २० अँपिअर-तास, अर्ध्याहून अधिक, आणि गाडी बहुधा सुरू होत नाही. पुढचे दोन्ही मोठे दिवे चालू राहिले तर सुमारे नऊ अँपिअर प्रमाणे चार तासांतच कणगी तळाला लागते.

आता जमेची बाजू पाहा. समजा डिकीचा दिवा रोज रात्री चार अँपिअर-तास खातो, आणि गाडी दिवसातून एकदाच दहा मिनिटे बाजारापर्यंत जाते. त्या दहा मिनिटांत बॅटरीस सरासरी १० अँपिअरने भरणा मिळाला असे धरले, तरी जमा होते केवळ पावणेदोन अँपिअर-तास. म्हणजे रोज अडीचची तूट. पहिल्या दिवशी गाडी सुरू होते, दुसऱ्या दिवशी होते, पाचव्या-सहाव्या दिवशी जराशी कुरकुरत होते, आणि आठव्या दिवशी होत नाही. घरचे म्हणतात, “काल तर उत्तम चालत होती, रात्रीत काय झाले?” रात्रीत काहीच झालेले नसते. आठ दिवसांची तूट त्या सकाळी उघडकीस आलेली असते. आदल्या रात्री गाडी लावणाऱ्या मुलावर राग काढण्यात न्याय नाही, तो यासाठी.

यावरून पहिले निदान असे करता येते. भरलेली चांगली बॅटरी खरोखरच एका रात्रीत उतरत असेल, तर दीड-दोन अँपिअर खाणारे काहीतरी मोठे चालू राहिले आहे. आठवड्याने उतरत असेल तर लहानशी गळती आहे. आणि क्षुल्लक खर्चानेही एका रात्रीत उतरत असेल, तर कणगीच फुटकी आहे.

पहिली कसोटी : दोष बॅटरीचा की गाडीचा?

ही कसोटी कोणत्याही घरी करता येते. तिला एक पाना आणि तीन-चारशे रुपयांचा साधा मीटर एवढेच लागते. बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्यावी. नंतर दोन-चार तास तिला तशीच विश्रांती द्यावी. कारण भरल्यावर लगेच मोजले तर पट्ट्यांवरील वरवरच्या भारामुळे आकडा फुगलेला दिसतो. मग रात्री व्होल्ट मोजून लिहून ठेवावेत, काळी तार काढून बाजूला ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावे.

सकाळी आकडा जवळजवळ तोच असेल व तार लावताच गाडी सहज सुरू होत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे. गाडीतच कोणीतरी वीज खात आहे. उलट, काहीही जोडलेले नसताना आकडा १२.६ वरून १२.२ वर आला असेल, तर बॅटरी आतूनच गळते आहे. तिच्या एखाद्या कप्प्यात पट्ट्या एकमेकींस टेकल्या असतील, किंवा वारंवार रिकामी पडून राहिल्याने पट्ट्यांवर कठीण पांढरा थर बसला असेल. आपल्या उष्ण हवेत बॅटरीचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षांचे असते. तेवढे होऊन गेले असेल तर नवी घेण्यात नुकसान नाही.

आणखी एक मोजणी करावी. मदतनिसाला सेल्फ मारावयास सांगून त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट पाहावेत. भरलेली असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीत दम उरलेला नाही. आकडा बाराच्या आसपास स्थिर राहिला आणि तरीही सेल्फ फिरला नाही, तर दोष बॅटरीत नसून तिच्यापुढे, तारांत किंवा स्टार्टरमध्ये आहे. टोकांवर पांढरे-हिरवट क्षार जमले असतील तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशाने ते धुवावेत. टोके कोरडी करून क्लॅम्प घट्ट आवळावेत व वरून व्हॅसलिन लावावे. नुसत्या ढिल्या क्लॅम्पने ‘मेलेल्या’ ठरलेल्या कितीतरी बॅटऱ्या अशा जिवंत होतात.

भरणा होतो की नाही?

बॅटरी निर्दोष ठरली तर पुढचा प्रश्न हा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या सुमारास आकडा दिसावयास हवा. मोठे दिवे व पंखा लावूनही तो १३ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असता १२.३ असा आकडा दिसला, तर अल्टरनेटर भरणा करीत नाही. त्याचा पट्टा सैल असेल, आतील कार्बन झिजले असतील किंवा तार निसटली असेल. १५ च्या वर गेला तर भरणा अती होतो आहे. तेव्हा बॅटरीतील पाणी उडून जाते व दिवे वारंवार जळतात. काही नव्या गाड्या इंधन वाचविण्यासाठी मधूनमधून भरणा मुद्दाम कमी करतात, म्हणून एकच आकडा पाहून निर्णय देऊ नये.

येथे एका जुन्या सवयीविषयी सावध करावेसे वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘गाडी चालू राहते का’ हे पाहण्याची रीत काही गॅरेजांतून आजही दिसते. ही रीत डायनामोच्या काळातील आहे. आजच्या अल्टरनेटरवर ती केल्यास व्होल्ट एकदम उसळतात व हजारो रुपयांची संगणकाची पेटी क्षणात जळते. कोणी असे करू लागल्यास त्यास नम्रपणे थांबवावे.

गळतीचा माग

बॅटरी चांगली, भरणाही चांगला, तरी सकाळी गाडी मुकी. आता गळती शोधावयाची. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घालावी. बॅटरीची काळी तार सोडवून, तिच्या आणि ऋण टोकाच्या मध्ये मीटर जोडावा, जेणेकरून गाडीत जाणारी सगळी वीज मीटरमधून जाईल. अँपिअर मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा कदापि लावू नये. तसेच मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नये किंवा मोठे दिवे लावू नयेत, नाही तर मीटरचा फ्यूज जाईल.

जोडताक्षणी आकडा दोन-तीन अँपिअर दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. आजच्या गाडीतील संगणकाच्या पेट्या वीज मिळताच जाग्या होतात, आणि त्यांना पुन्हा झोपी जाण्यास वीस मिनिटांपासून तासभरही लागतो. दार उघडे ठेवावयाचे असेल तर त्याचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने मिटवून ठेवावे, म्हणजे गाडीस दार बंद आहे असे वाटते. काच खाली ठेवावी, नाही तर गाडी आपोआप बंद होऊन किल्ली आत अडकावयाची. बिनकिल्लीने उघडणारी गाडी असेल तर तिची किल्ली लांब, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी. ती जवळ असली की गाडी झोपत नाही. मग चहा घेऊन यावे. धीर न धरणारा माणूस येथेच फसतो आणि निर्दोष भागाला दोष देऊन बसतो.

तासाभराने आकडा ०.०५ किंवा कमी असेल तर गळती नाही. ०.४ असेल तर एखादा दिवा जळत असण्याचा संभव आहे. डिकी, हातमोज्याचा कप्पा, पायरीचे दिवे पाहावेत. डिकीत फोन चालू ठेवून चित्र घेतले की झाकण बंद झाल्यावर दिवा विझतो की नाही हे कळते. एक-दोन अँपिअर असेल तर मोठी वस्तू चालू आहे. दोन अँपिअर म्हणजे जवळजवळ २४ वॅट. एवढी वीज जेथे खर्च होते ती जागा उबदार लागते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या फ्यूजपेटीतील रिले हाताने चाचपून पाहावेत. त्यांतील एकच कोमट लागला तर त्याचे टोक आत चिकटून बसले आहे.

एवढ्याने न सापडल्यास फ्यूज एकेक करून काढावा व मीटरकडे पाहावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येतो, त्याच्या शाखेत गळती आहे. फ्यूजपेटीच्या झाकणावरील यादीत ती शाखा कोणाची हे लिहिलेले असते. फ्यूज परत बसविताना त्या शाखेतील पेट्या पुन्हा जाग्या होतात, म्हणून आकडा चढला तर काही वेळ थांबावे. यापेक्षा सुबक रीत अशी की, फ्यूज न काढताच त्याच्या पाठीवरील दोन उघड्या धातुबिंदूंवर मीटर लावून मिलिव्होल्ट मोजावेत. शून्य असेल तर त्यातून वीज जात नाही. काही आकडा दिसला तर जात आहे. यात कोणाचीही झोपमोड होत नाही.

सर्व फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर? काही जाड तारा लहान फ्यूजांच्या पेटीतून जातच नाहीत. त्यांतील मुख्य अल्टरनेटरची. अल्टरनेटरच्या पोटात डायोड असतात. ते विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे दरवाजे होत. त्यांतील एखादा निकामी झाला की गाडी बंद असताना बॅटरीची वीज उलट अल्टरनेटरमध्ये जाते. दिवसा भरणा बरा दिसतो आणि रात्री तोच भरणा करणारा खाऊ लागतो. बॅटरीची काळी तार काढून, मग अल्टरनेटरची जाड तार सोडवून तिचे टोक कापडाने गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. आकडा पडला तर दोषी सापडला.

अर्थचा घोळ

काही दोष बॅटरी उतरविणारे नसून माणसाला चक्रावून सोडणारे असतात. ब्रेक दाबला की बाजूचा इंडिकेटर मंद लुकलुकतो, हॉर्न दाबला की दिवे बसतात, एक मोठा दिवा पिवळट तर दुसरा पांढरा. अशा वेळी वेगवेगळे चार भाग बदलण्याचा सल्ला मिळतो. वस्तुतः ह्या सर्वांचे मूळ बहुधा एकच असते : अर्थ सैल किंवा गंजलेली. वीज दिव्यापर्यंत लाल तारेने जाते आणि गाडीच्या अंगातून परत येते. परतीची वाट बंद झाली की ती आडवाटेने दुसऱ्या दिव्यातून परतू पाहते, आणि मग ब्रेकच्या विजेने इंडिकेटर लुकलुकतो.

ह्याचीही मोजणी सोपी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावयास सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली. अर्धा व्होल्ट किंवा अधिक असेल तर तेथेच वीज अडते आहे. बोल्ट काढून रंग व गंज पॉलिश कागदाने घासावा, पुन्हा आवळावा. कोकण, गोवे आणि बेळगाव-खानापूरकडील पावसाळ्यात चार महिने हवा दमट असते. त्या मुलखात हा उपाय वर्षातून एकदा करून घ्यावा, तोही ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर.

मागाहून केलेली जोडकामे आणि उंदीर

कारखान्यातून निघालेल्या गाडीत गळती क्वचित असते. ती बहुधा मागाहून शिरते. मोठा आवाज करणारा हॉर्न, रंगीत दिवे, गाण्यांचे यंत्र, कॅमेरा, गाडी कोठे आहे ते सांगणारे यंत्र ही जोडकामे घाईने केली जातात. किल्ली बंद होताच ज्या तारेची वीज बंद होते, तिच्यावर जोडावयाची वस्तू कायम वीज असलेल्या तारेवर जोडली की ती रात्रभर जागी राहते. म्हणून शोधाच्या आरंभीच विचारावे : बॅटरी उतरू लागली त्याच्या आधी गाडीत काय नवे बसविले? कित्येकदा ह्या एका प्रश्नानेच काम होते.

दुसरा पाहुणा उंदीर. पावसाळ्यात इंजिनाची ऊब त्यास मानवते, आणि तारांवरील आवरण तो कुरतडतो. उघड्या तारा एकमेकींस किंवा बॉडीला टेकल्या की फ्यूज जातो. हेच ते स्थान, जेथे माणसे सर्वांत धोक्याची गोष्ट करतात : पुन्हा पुन्हा जाणाऱ्या १० अँपिअरच्या फ्यूजऐवजी ३० चा घालतात, किंवा तार गुंडाळून काम भागवितात. फ्यूज हा घराचा पहारेकरी आहे. तो जळतो म्हणून तारा जळत नाहीत. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा ही खूण ध्यानात ठेवावी, आणि लालच्या जागी लालच घालावा. तो पुन्हा जात असेल तर फ्यूज बदलत न बसता तार तपासावी.

उभ्या राहणाऱ्या गाड्या

आपल्या कित्येक घरांतील मुले आखातात किंवा जहाजावर असतात. त्यांची गाडी अंगणात कापडाखाली महिनोन्‌महिने उभी असते. मुलगा सुट्टीवर यावयाच्या दिवशी तिला सुरू करू जावे तर ती हालत नाही. येथे कसलाही दोष नसतो. दीड-दोन महिन्यांत केवळ रास्त खर्चानेच बॅटरी रिकामी झालेली असते. शिवाय रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुढे भरूनही पूर्वीसारखी होत नाही. ह्यास उपाय दोन. महिन्याहून अधिक उभी राहावयाची असेल तर काळी तार काढून ठेवावी व महिन्या-दोन महिन्यांनी बॅटरी चार्जरवर भरावी. किंवा आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास खरोखर रस्त्यावर चालवून आणावी. अंगणात पाच मिनिटे इंजिन घरघरविण्याने जमेपेक्षा खर्चच अधिक होण्याचा संभव असतो.

आणि ऐन रात्री बॅटरी उतरलीच तर? शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घेण्याचा क्रम घरातील दोघांना तरी पाठ असावा. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचे दुसरे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर. म्हणजे शेवटची ठिणगी वायूपासून दूर उडते. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा, आणि तारा उलट क्रमाने काढाव्यात. हातगिअरची गाडी धक्का देऊनही सुरू होते. परंतु इंधन विजेने सोडणाऱ्या आजच्या गाडीत बॅटरी अगदीच रिकामी असेल, तर गावकरी कितीही धक्का मारोत, ती सुरू होत नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीस तर धक्का मारूच नये.

वर सांगितलेल्या बहुतेक मोजण्या घरी करण्याजोग्या आहेत. ज्यांस हे करणे जमणार नाही त्यांनीही ह्या गोष्टी माहीत असू द्याव्यात. गॅरेजात जाऊन “बॅटरी बदला” असे न सांगता, “बॅटरी वेगळी काढून ठेवली तर उतरत नाही, भरणा १४ चा आहे, रात्री गाडी किती अँपिअर खाते ते मोजून सांगा,” असे म्हणावे. प्रामाणिक मिस्त्रीला अशा गिऱ्हाइकाचे काम करणे सोपे जाते, आणि अप्रामाणिकास अवघड.

एक लहानशी वही गाडीत ठेवावी. बॅटरी कधी घेतली, व्होल्ट कधी किती होते, नवे काय बसविले, हे तीत तारीखवार लिहावे. मग एखाद्या सकाळी किल्ली फिरवूनही इंजिन हुंकार देईना, तर घरातील कोणाकडे बोट दाखविण्यापूर्वी ती वही उघडावी आणि मीटर हातात घ्यावा.